दरवाज्याच्या कोपऱ्यातला माणूस

संग्रहालयाच्या पायऱ्या दिसल्या की भिंगबाईंचं संग्रहालयाबद्दलचं सगळं कौतुक आटून जाई. गुडघ्यांनी केव्हाच संप पुकारला होता. पण आज लेकीने हट्टच धरला होता, आणि लेक हट्टाला पेटली की आईचं काही चालत नाही, हे त्या घरात सगळ्यांना, म्हणजे त्या दोघींनाच, पक्कं ठाऊक होतं. कठड्याला धरून, मधे दोनदा थांबून, इमारत बांधणाऱ्याचा मनातल्या मनात उद्धार करत त्या एकदाच्या वर पोचल्या.

भिंगबाई हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. पोस्टाची तिकिटं छापणाऱ्या सरकारी छापखान्यात त्या उभी हयात रिटचर होत्या, आणि उजव्या डोळ्याला भिंग लावलेलं नाही अशा अवस्थेत त्यांना तिथे कोणी फारसं पाहिलेलं नव्हतं. नोकरी सुटली, भिंग ड्रॉवरमध्ये गेलं, नाव मात्र चिकटलं ते चिकटलंच. लेकीचंही तसंच. जन्मली तेव्हा मूठभर होती म्हणून बारकी म्हणायला लागले, आणि आता ती आईपेक्षा वीतभर उंच झाली तरी बारकीच राहिली. जुनी, खराब झालेली चित्रं दुरुस्त करणं हे बारकीचं काम. त्यात तिचा हात धरणारं या शहरात कोणी नव्हतं, असं भिंगबाई दूधवाल्यालासुद्धा ऐकवत.

आता रिटचर म्हणजे काय, हे सांगायला हवं, कारण तो धंदाच बुडाला. भिंतीएवढं ऐतिहासिक चित्र दोन बोटं रुंदीच्या तिकिटावर आणायचं असतं. आधी त्या चित्राचा फोटो काढून टेबलाएवढा मोठा करतात. मग रिटचर बारीक ब्रश घेऊन त्यावर बसते. बाही आणि पडदा एकमेकांत मिसळत असतील तर मधे रेघ देते, डोळे ठळक करते, गर्दीतली निम्मी डोकी सरळ उडवून टाकते. तसं केलं नाही तर तो कागद लहान करताना सगळ्याचा चिखल होतो. तिकिटावर आख्खी लढाई मावते हो, पण त्याआधी कोणीतरी बसून निम्मं सैन्य खोडलेलं असतं, आणि लोक तिकिटाला थुंकी लावून मोकळे होतात.

ज्या चित्रासाठी आज एवढा खटाटोप, ते शाळेच्या पुस्तकातलं प्रसिद्ध चित्र होतं. वेढ्यात अडकलेलं शहर शेवटी शरण जातं, आणि शहराचा म्हातारा कारभारी वेशीच्या दरवाज्यात शत्रूच्या सेनापतीच्या हातात किल्ली देतो, तो प्रसंग. त्या चित्राचं तपकिरी तिकीट भिंगबाईंच्याच हातून गेलेलं. बारकी जन्मली त्या वर्षीची गोष्ट. पुढे संग्रहालयात छतातला पाण्याचा नळ फुटला, चित्राच्या डाव्या कोपऱ्यावर पाणी झिरपत राहिलं आणि तिथला रंग पापुद्र्यांनी गळून पडला. तो कोपरा पुन्हा उभा करायचं काम बारकीला मिळालं. दोन वर्षांहून जास्त काळ ती त्याच्यामागे होती. घरी एक अक्षर बोलायची नाही. कसं चाललंय विचारलं, की म्हणायची, लोकांच्या आधी तुलाच दाखवणार. परवा चित्र लोकांसाठी खुलं व्हायचं होतं, म्हणून आज आईची पाळी.

बारकीची कामाची खोली उंच खिडक्यांची होती. टर्पेंटाइनचा वास, एक शिडी, चाकांचं टेबल, त्यावर ब्रश, कापसाचे बोळे, बाटल्या आणि चौकटीत बसवलेला एक आरसा. बारकीने आईला डोळे मिटायला लावले आणि हाताला धरून चित्रापुढे उभं केलं. भिंगबाईंना हसू आलं. वाढदिवसाला हीच पोर डोळे उघडे ठेवून बोटांच्या फटीतून बघायची.

डोळे उघडले तेव्हा त्यांनी आधी, सवयीने, चित्र पाहिलंच नाही, तपासलं. किल्ली जागेवर. सेनापतीचे बूट पूर्वी काळपट होते, आता चांगले तांबूस निघाले होते. कारभाऱ्याच्या दाढीतला प्रत्येक केस सुटा. नजर अशी उजवीकडून डावीकडे सरकत कोपऱ्यापर्यंत गेली आणि तिथेच खिळली.

वेशीचा दरवाजा तिथे अर्धा उघडा होता. त्या फटीतून, सगळे किल्लीकडे बघत असताना, एक माणूस काखेत बोचकं मारून हळूच बाहेर सटकत होता. एक पाय उंबऱ्यापलीकडे गेलेला. आखूड दाढी. मान मागे वळवलेली, आणि खांद्यावरून त्याची नजर थेट भिंगबाईंवर आलेली.

आपल्याला झटका आला, असंच भिंगबाईंना आधी वाटलं, आणि खरं सांगायचं तर तसं झालं असतं तर त्यांना बरं वाटलं असतं. कारण तो माणूस त्यांच्या ओळखीचा होता. ओळखीचा कसला, एका उशीवर डोकं ठेवून निजलेला होता. ते रुंद कपाळ, त्या एकमेकींना भिडायला निघालेल्या भुवया, खालचा ओठ जरा पुढे. बारकीच्या जन्माआधी घर सोडून गेलेला त्यांचा नवरा भिंतीवर माणसाएवढा उभा होता, आणि गेला त्या दिवशीच्या वयाचा होता.

बारकीला वाटलं, आई भारावून गेली. तिने स्टूल पुढे सरकवलं, आईला बसवलं आणि दोन वर्षं पोटात दाबून ठेवलेलं सगळं एका दमात सांगून टाकलं. त्या कोपऱ्यात मुळात काय होतं ते कोणालाच माहीत नव्हतं. जुने जेवढे फोटो मिळाले, त्यांत तो कोपरा नुसता काळा. मग तिला तिकीट आठवलं. छापखान्याचे फोटो मोठमोठे दिवे लावून काढलेले असायचे, त्यामुळे इतरांना न दिसलेलं त्यांना दिसलं असणार, असा तिने हिशोब केला. घरातलंच तिकीट तिने सूक्ष्मदर्शकाखाली ठेवलं, आणि खरंच, कोपऱ्यात ठिपक्याठिपक्यांचा एक माणूस निघाला. बोचकं, पाय, दाढीचा काळा ठिपका, वळलेली मान, सगळं होतं. फक्त चेहरा म्हणावा असं काही नव्हतं, खसखशीच्या दाण्यावर काय दिसणार. तेव्हा टेबलावरचा तो आरसा घेऊन, आपली मान तशीच वळवून, बघत बघत नाकडोळे तिने आपल्यावरून बेतले.

"दुसऱ्या कुणाचं तिकीट असतं तर मी विश्वास ठेवला नसता," बारकी म्हणाली. "पण तुझा हात मला माहितीये. तू उगाच एक ठिपका द्यायची नाहीस."

मान भिंगबाईंनी काढलेली, चेहरा लेकीने भरलेला, आणि लेकीचा चेहरा बापाचा. दोघींनी मिळून त्याला परत आणला होता, आणि लेकीला त्याचा पत्ताच नव्हता.

त्या कोपऱ्यात काय होतं हे भिंगबाईंनाही माहीत नव्हतं, हीच तर सगळी गंमत. छापखान्याच्या फोटोग्राफरने दिवे लावले होते खरे, पण दिव्याची तिरीप नेमकी त्याच कोपऱ्यात चमकून तिथे पांढराफटक डाग आला होता. संग्रहालय तेव्हा रंगकामासाठी बंद, छपाईची तारीख डोक्यावर. साहेब म्हणाले, मोकळं दिसतंय, काहीतरी भर तिथे, कोण भिंग घेऊन बसणार आहे. त्याच आठवड्यात नवरा गेला होता. भांडण नाही, तंटा नाही. सकाळी पिशवी भरली, येतो म्हणाला आणि गेला. भिंगबाई पोटुशी होत्या, आणि त्या टेबलाएवढ्या कागदावर त्या पांढऱ्या डागापुढे एकट्या बसल्या होत्या. सगळं शहर मान खाली घालून उभं आहे आणि एकजण सटकतोय, ही जागा त्याच्यासाठीच आहे असं त्यांना वाटलं. दात-ओठ खात त्यांनी त्याला तिथे बसवला. कागद लहान होऊन तिकीट झालं तेव्हा त्याचा ठिपका उरला, मोठा कागद रिवाजाप्रमाणे फाडला गेला, आणि त्यांनाही जरा हलकं वाटलं.

लेकीला सांगितलं होतं, बाबा तापाने गेले, तू पोटात असताना. फोटो घर बदलताना हरवले.

भिंगबाई काही बोलणार, तेवढ्यात संग्रहालयाचे संचालक आत आले. गोल, हसरे, स्वतःच्या आवाजावर प्रेम असलेले गृहस्थ. हातात एक पाकीट होतं. बाईंचं नाव मॅडमकडून, म्हणजे बारकीकडून, फार ऐकलंय, म्हणाले, आणि पाकिटातून एक छापील कागद काढून त्यांच्या मांडीवरच ठेवला. चित्र खुलं होणार त्या दिवशी नवीन तिकीट निघणार होतं, त्याचा नमुना. पण या खेपेला आख्खं चित्र नव्हतं. तिकिटावर फक्त कोपरा होता. फक्त तो माणूस.

नाव दिलं होतं 'वळून पाहणारा'. संचालकांनी त्याच्यावर माहितीपुस्तिकेत चार पानं लिहिली होती आणि त्यातलं बरंचसं त्यांना पाठ होतं. गावावर केवढी माया, की जीव वाचवायला निघालेल्या माणसाचा पाय निघत नाही, जाताजाता तो मागे बघतो. सगळ्या चित्राचा प्राण म्हणजे ती वळलेली मान, असं त्यांचं म्हणणं पडलं. आज दुपारी मॅडमची सही झाली की नमुना छापखान्यात जाणार, परवापर्यंत देशभर.

"एक आहे मात्र," ते चित्राकडे बघत म्हणाले, "या माणसाला कुठेतरी पाहिल्यासारखं वाटतं. रोज वाटतं. आठवत नाही."

बारकी त्यांच्या शेजारी उभी होती, रुंद कपाळ, भिडत आलेल्या भुवया. भिंगबाईंनी एकदा तिच्याकडे, एकदा भिंतीकडे पाहिलं. दाढीने आज झाकलंय, उद्या कोणाच्या तरी डोक्यात प्रकाश पडेल. मग म्हणतील, बघा, पोरीने इतिहासात स्वतःचंच तोंड घुसवलं. दोन वर्षांचं काम मातीत जाईल आणि पुढे कोणी तिच्या हातात साधा ब्रश देणार नाही. बोललं तर आजच चित्रावर बोळा फिरणार, आणि त्यासोबत आईवरचा लेकीचा विश्वासही पुसला जाणार. मधला रस्ता त्यांनी खूप शोधला, पण भिंतीवरचा माणूस त्यांच्याकडे बघत होता आणि त्याच्यापुढे त्यांना काही सुचेना.

लेकीशी जरा बोलायचं आहे, असं त्यांनी संचालकांना सांगितलं. खुशाल बोला, मी चहाचं बघतो, म्हणून ते गेले. दार लागलं.

"बारके, तो माणूस चित्रात नव्हता."

बारकी हसली. "तिकिटावर आहे की."

"तिकिटावर मी घातला. फोटोत तिथे पांढरा डाग होता. साहेब म्हणाले भर, मी भरला. खाली काय होतं ते मी कधीच पाहिलं नाही."

बारकीचं हसू चेहऱ्यावर तसंच राहिलं, नुसतं त्यातलं अवसान गेलं. ती मागे सरकत सरकत शिडीच्या पायरीवर टेकली. ती एकदा चित्राकडे बघत होती, एकदा आईच्या मांडीवरच्या नमुन्याकडे, एकदा बाटल्यांकडे, जणू त्यांतली एखादी आपल्या बाजूने बोलेल. आई, हे तू आज सांगतेस, असं काहीतरी ती म्हणेल याची भिंगबाई वाट बघत होत्या. ते ती म्हणालीच नाही, आणि म्हणून त्यांना जास्त लागलं.

"मी तुला विचारायला हवं होतं," ती शेवटी म्हणाली. "कोणाही दुसऱ्याच्या तिकिटासाठी मी दहा जणांना विचारलं असतं. तुझं होतं म्हणून विचारलं नाही. मला तुला चकित करायचं होतं."

मग तिने धंद्यातला प्रश्न विचारला, अगदी सरळ आवाजात. हा माणूस आणला कुठून? कुठल्या दुसऱ्या चित्रातून उचलला?

असाच, मनाने काढला. एवढं म्हटलं की झालं होतं. शब्द भिंगबाईंच्या जिभेच्या टोकावर होता. बारकीने कोपरा पुसला असता, दोन दिवस रडली असती, आणि गोष्ट मिटली असती. पण समोर टेबलावरच्या आरशात लेकीचा चेहरा दिसत होता, आणि त्याच्यामागे, चित्रात, तोच चेहरा दाढीसकट. इतकी वर्षं एकेक रेघ भिंगातून तपासणाऱ्या बाईला ते दोन चेहरे शेजारी शेजारी बघवेनात.

"तुझा बाप आहे तो," त्या म्हणाल्या. "मेला नाही. गेला. तू पोटात होतीस तेव्हा घर सोडून गेला. पुढे काय झालं मला माहीत नाही, आणि मी विचारलंही नाही."

बाहेर व्हरांड्यात कोणाच्या तरी किल्ल्या खुळखुळल्या. बारकी उठली आणि चित्राजवळ गेली, इतकी जवळ की नाक टेकेल. दोन वर्षं ती त्या चेहऱ्याशी रोज बोलत असणार. आज ती त्याला पहिल्यांदा बघत होती.

"आपल्या घरातला तुझा फोटो," ती पाठमोरीच म्हणाली. "लग्नानंतरचा. तू उभी, शेजारी उंच फुलदाणी."

भिंगबाईंनी मांडीवरचा नमुना उचलून टेबलावर ठेवला.

"त्या फुलदाणीची सावली उलटीकडे पडते, आई. कॉलेजच्या पहिल्याच वर्षी लक्षात आलं माझ्या. मग रोज येता-जाता बघायचे. खाली कोण आहे ते विचारायची हिंमत झाली नाही. वाटायचं, एवढी चांगली रिटचर, सावली चुकली म्हणजे हात केवढा कापत असेल."

भिंगबाईंना आता रडू आवरेना. फुलदाणी त्यांनी एका दुपारी काढली होती, नवऱ्यावरून, डोक्यापासून बुटांपर्यंत, पाकळ्या-पाकळ्यांसकट, आणि आपली कारागिरी बघून वर शाबासकी दिली होती. इतकी वर्षं लेक त्या फुलदाणीसमोर बसून जेवत होती आणि त्यांना वाटत होतं, हिला काही ठाऊक नाही. चोरी पकडली गेल्याची लाज त्यांना वाटली नाही. पोरीने ती इतकी वर्षं एकटीने सांभाळली, याने त्या हादरल्या.

टेबलावरचा फोन वाजला. संचालक होते. चहा पाठवतोय, सही झाली का, छापखान्याचा माणूस खाली थांबलाय. बारकीने डोळे पुसले आणि सांगितलं, की तिकीट थांबवा, हा माणूस मूळ चित्रात नाही, चूक माझी आहे, मी लेखी देते. पलीकडचा आवाज एवढा चढला की भिंगबाईंना स्टुलावर बसून ऐकू आला. नाही म्हणजे काय? मग हा आहे तरी कोण?

"आमच्या घरचे आहेत," बारकी म्हणाली आणि फोन ठेवला.

त्यानंतर तिने जे केलं ते तिच्या कामाच्या शिस्तीतलंच होतं. दुरुस्तीचा रंग नेहमी असा वापरतात, की पुन्हा काढायची वेळ आली तर मूळ रंगाला धक्का न लावता निघून यावा. आणि काढण्याआधी जे आहे त्याचा फोटो घ्यायचा, हा नियम. तिने कॅमेरा तिकाटण्यावर चढवला, दिवे नीट लावले, कुठेही तिरीप चमकत नाही हे दोनदा पाहिलं. भिंगबाई आपण मधे येतोय म्हणून स्टूल घेऊन बाजूला व्हायला लागल्या.

"आई, सरकू नकोस," बारकी म्हणाली. "उभी राहा तिथे. त्याच्या शेजारी."

भिंगबाई उभ्या राहिल्या. गुडघे दुखत होते, पदर घसरला होता, डोळे सुजले होते, आणि शेजारचा माणूस होता तसाच तरणाबांड. बारकीने एक फोटो घेतला. मग कॅमेऱ्याला वेळ लावून ती स्वतः धावत आली आणि चित्राच्या दुसऱ्या बाजूला, आईकडे तोंड करून, उभी राहिली. कोणीच हसलं नाही.

मग तिने दिवे कमी केले, काडीला नवा कापूस गुंडाळला, बाटलीतल्या द्रावणात बुडवला आणि पायापासून सुरुवात केली. उंबऱ्यापलीकडचा पाय गेला. बोचकं गेलं. खालून, रंग गळालेल्या जागी कॅनव्हासवर आधी लिंपलेली राखाडी भरणी दिसायला लागली, रिकामी. खांद्यापर्यंत आल्यावर तिने नवा बोळा घेतला आणि हात हवेतच थांबवला.

"जाताना खरंच वळून बघितलं होतं त्यांनी?"

भिंगबाई त्या वेळी खिडकीत उभ्या होत्या. गल्ली संपेपर्यंत बघत होत्या, संपल्यावरही बघत होत्या.

"नाही," त्या म्हणाल्या. "ते मी काढलं."

बारकीने मान हलवली आणि ओला बोळा त्याच्या मानेवर टेकवला.